सर्व्हे नंबर एकशे बेचाळीस, पोटहिस्सा दोन

कोट खुंटीला अडकवून साहेब निवडणुकीला गेले
त्या दिवशी मी, भरमू, त्यांचा कारकून,
खिसे तपासले : एक टाचणी, थोडी बडीशेप,
आणि सातेरीच्या दाव्याची पुढची तारीख.

खानापूर कोर्टाबाहेर चिंचेखाली
वीस वर्षं आमचं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली घडी घालून कुणाचं तरी रद्द वकीलपत्र.
रवळनाथ तिवोलीकर, बी. ए., एलएल. बी.
पक्षकार रडायचा मराठीत,
अर्ज उभा राहायचा कन्नडमध्ये,
मधल्या वाटेवर जे सांडायचं
ते साहेब घरी नेत असावेत.
त्यांचा दिवा उशिरापर्यंत दिसायचा.

सातेरीचं म्हणणं एवढंच,
धाकलूनं बांध दोन हात सरकवला.
साहेब म्हणाले, दोन हातांचं काय घेऊन बसलाईस,
इथं अख्खा तालुका सरकवलाय कुणीतरी.
हसले. मग म्हणाले, भरमू, तिकीट लाव.

निवडून आले, सातशे अकरा मतांनी.
गुलाल माझ्या टाइपरायटरात शिरला,
पावसाळ्यापर्यंत अर्ज गुलाबी निघत होते.

बंगळूरला शपथ.
कन्नड शब्द, देवनागरीत, मीच लिहून दिलेले.
एका जागी ते अडखळले.
इकडचे म्हणाले, मुद्दाम.
तिकडचे म्हणाले, मुद्दाम.
एक काना मी विसरलो होतो, एवढंच.
अजून कुणाला सांगितलं नाही.

एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत,
दोनला ती खिशात
आणि तहसीलदाराच्या दारात, नमस्कार्री.
लोक नावं ठेवत.
रेशनकार्ड मात्र दोनलाच मिळायचं.

मलप्रभेवर साकव मागितला, सहा वेळा.
सहाव्यांदा मंत्री म्हणाले, नोडोण.
तेवढा एक शब्द साहेबांनी गावाला
भाषांतर न करता सांगितला.

पुढच्या खेपेला पडले.
बेळगावात मोजणी संपली तेव्हा
विजयासाठी सांगून ठेवलेला कुंदा दुकानात तयार होता,
पैसेही आगाऊ दिलेले.
देसूरच्या फाटकाशी गाडी थांबवून
आम्ही दोघांनी तो बोटांनी खाल्ला.
गोड होता. खोटं कशाला बोलू.

सोमवारी कोट काढला
तर बाहीत कुंभारमाशीचं घर.
साहेबांनी ते टाचणीनं हळूच सोडवलं,
खिडकीत ठेवलं, कोट झटकला.
रंग उडून राखाडी झालेला, खांद्यांवर.

पुकारा झाला : सातेरी विरुद्ध धाकलू.
दोघंही मेलेले.
सातेरीची लेक, धाकलूची सून
एकाच टेम्पोतून आलेल्या, एकाच डब्यातली भाकरी खाऊन.
बांध तिथंच, दोन हात अलीकडे
किंवा पलीकडे, कुणाचं ऐकाल त्यावर.

साहेब उभे राहिले. घसा साफ केला.
जजसाहेब नवीन, धारवाडकडचे, पोरसवदा.
त्यांनी पुढची तारीख दिली.
ती मी लेकीला मराठीत सांगितली,
सुनेला मराठीत सांगितली,
आणि डायरीत कन्नडमध्ये लिहिली.