एक्केचाळीस दिवसांची रुंदी

बेंडकुळे वही घेऊन आले तेव्हा
हातातल्या काठीला अजून दुकानाचं लेबल होतं.
खुर्चीवर न बसता म्हणाले, मॅडम, आकडे आहेत तेवढे आहेत.

गिरणाऱ्याच्या पुढे, डांबर संपतं तिथून दोन किलोमीटर,
आमचं एक मातीचं धरण आहे,
नकाशात शोधायला भिंग लागेल एवढं.
पायथ्याच्या नालीत पत्र्याची एक व्ही-खाच.
तिच्यातून पाझराचं पाणी पडतं ते मोजायचं,
मिनिटाला किती लिटर, आणि वहीत लिहायचं.
एवढीच नोकरी. एकवीस वर्षं.

दिंडोरी रोडच्या ऑफिसात मी तारखा टाकल्या
त्यांच्यासारख्याच, मध्ये टिंबं देऊन:
१७.९.२३, १८.९.२३, १९.९.२३,
मग थेट ३०.१०.२३.
एक्सेलला त्या तारखा वाटल्याच नाहीत, नावं वाटली.
हजेरीपटातल्या पोरांसारखी
एकेका हाताच्या अंतरावर उभी केली त्यानं.
बासष्टच्या शेजारी लगेच सत्त्याण्णव,
रेघ हरिहरच्या पायऱ्यांसारखी उभी.

खैरनार साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला.
एका रात्रीत पस्तीस लिटर?
एक तर धरण फुटतंय,
नाहीतर हा माणूस घरी बसून आकडे लिहितोय.
मेमो टाइप करा.

मेमो अर्धा ठेवून मी बस धरली.
दाराशी थांब्यांची यादी चिकटवलेली:
अशोकस्तंभ, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर, गिरणारे.
दर दोन नावांत बोटभर जागा.
जेहान सर्कल सुट्टे पैसे मोजेस्तोवर आलं.
गंगापूरनंतर मात्र द्राक्षांच्या मांडवांमागून मांडव,
समोरची बाई झोपली, उठली, शेंगा सोलून संपल्या तिच्या,
तरी गिरणारे येईना.
यादी खोटी नव्हती.
तिला फक्त क्रम माहीत होता.

खाचेतून पाणी पडत होतं, नितळ.
गढूळ असतं तर मीही पळाले असते.

सकाळी टिंबं काढली, तिरप्या रेघा घातल्या.
चौकटीच्या डाव्या भिंतीला चिकटलेल्या तारखा
एकेक करून उजवीकडे सरकल्या,
म्हणजे आता त्या मोजता येणार होत्या.
मग लाइन सोडून स्कॅटर घेतला
आणि दिवस आपापल्या जागी जाऊन बसले:
जूनचे आठवड्या-आठवड्यानं, विरळ,
सप्टेंबरचे रोजचे, खांद्याला खांदा,
आणि मग


एक्केचाळीस दिवस पांढरे.


पलीकडे एकटा ठिपका.
मी स्क्रीनला पट्टी लावली, प्लास्टिकची, भाचीच्या कंपासातली.
एक तारखेच्या सेहेचाळीसपासून बासष्टपर्यंत
चढ होता रोज लिटरभराहून थोडा कमी.
तीच पट्टी, न हलवता, पुढे जाऊन टेकली सत्त्याण्णवला.
उडी नव्हतीच.
पाणी चालत गेलं होतं,
बघायला कोणी नव्हतं इतकंच.

एकोणीस तारखेपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं:
शेवाळावरून घसरलो. पाय. सिव्हिल.
बासष्टमधला दोन आडवा झालेला.
म्हणजे आधी पडले,
पडल्या पडल्या खाच वाचली,
मग कुणाला तरी हाक मारली.

साहेब म्हणाले, बरं, राहू द्या मेमो.
पण मधली रेघ जोडा, गुळगुळीत करा, वर पाठवायचंय.
गुळगुळीत केली तर तिला मध्येच फुगवटा आला,
कोणीच न मोजलेल्या पाण्याचा.
काढून टाकली. ठिपके तेवढे ठेवले.
साहेब काही बोलले नाहीत, सहीला मात्र चार दिवस लावले.

सोमवारी बेंडकुळेंना दाखवलं.
बराच वेळ बघत राहिले.
हे रिकामं, एवढं?
एवढं.
प्लास्टर निघालं ते इथं असेल, म्हणाले,
आणि काचेला न टेकवता
बोट जरासं उजवीकडे सरकवलं.