मागचा डावा

फिती चिकटल्या होत्या.
एकावन्न वर्षं लंडनच्या तळघरात मुरल्या;
उलगडायला गेलं की तपकिरी कीस बोटांवर.
मग भाजल्या, मंद आचेवर, आठ तास,
फळं सुकवायच्या यंत्रात, जे मी
सेलमध्ये घेतलं होतं सफरचंदांसाठी.
स्वान्सीत, गालिच्यांच्या दुकानाच्या माडीवर
दिवसभर वास: गंजाचा, आणि किंचित सफरचंदाचा.
भाजलेली फीत महिनाभर शहाण्यासारखी वागते,
मग पुन्हा मूळ पदावर.

सोळा वाटा एका फितीत.
तेव्हा दोनच दारांतून सगळ्यांना बाहेर काढलेलं,
कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत.
आता माझ्याकडे पाच दारं, शिवाय
घुमाऱ्यासाठी जमिनीलगत एक वेगळी पेटी.
एकेकाला हाताला धरून बसवलं.
गाणारा समोर, बास त्याच्या पायाशी,
गिटारी दोन अंगांना, भांडणार नाहीत इतक्या लांब,
आणि एम्लिनचे ड्रम
मागे, डावीकडे.
फोटोंत तो तिथेच असतो,
ऑर्गनवाल्या इद्वलच्या मागे, डावीकडे,
तोंड उघडं, काठी झांजेवर पोचायच्या बेतात.

कंपनीचा पीअर्स फोनवर म्हणाला, ड्रम मागे कोण ठेवतं?
म्हणाला, खोका बाकी झकास झालाय.
चार डिस्क, साठ पानी पुस्तक,
जुन्या तिकिटाची नक्कल, यंत्राने फाडलेली,
बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या सहा चकत्या.
चौघांतला एक उरलाय, म्हणाला,
त्याची सही तेवढी घे.

इद्वल गुरुवारी आला, बसने.
वय एकोणऐंशी. जिन्यात तीनदा थांबला
आणि तिन्ही वेळा गालिच्यांना नावं ठेवली.
मला पोरी म्हणाला. मी त्रेपन्नची.
मधल्या खुर्चीत बसवलं,
जिथे सगळे आवाज येऊन भेटतात,
आणि तिसरं गाणं लावलं.
ऐकून म्हणाला, छान.
पण एम्लिन कुठाय?

तेव्हा कळलं, डावा कान गेलेला.
‘त्याच्याच झांजेने खाल्ला,’ म्हणाला,
तक्रारीचा सूर नव्हता,
शेजारी उसनं गेलेलं भांडं असतं ना,
जे परत मागायचं नाही असं ठरून गेलेलं.

मी त्याला पुढे ओढायला फेडरकडे हात नेला,
तोवर हा उठून उभा.
खुर्ची धरली, करकरत फिरवली,
आणि गाणाऱ्याकडे पाठ करून बसला.
मागचा डावा आता त्याच्या उजव्या कानाशी.
पुन्हा, म्हणाला. अगदी पहिल्यापासून.

गाण्याआधी अकरा सेकंद आहेत
जे कुठल्याच तबकडीवर कधी नव्हते.
काठ्यांची टकटक, एक खोकला,
मग एम्लिन, इंग्रजीत नव्हे, घरच्या वेल्शमध्ये:
‘इद्वल, मघासारखा पळू नकोस.’

‘मी नव्हतो पळालो,’ इद्वल स्पीकरला म्हणाला.
‘तू रेंगाळलास.’

गाणं सुरू झालं तरी तो बोलतच होता.

माझ्या पडद्यावर दोघांचे ठोके
एकाखाली एक मांडलेले,
केसाचं अंतरही मोजता येतं.
कोण पळालं, कोण रेंगाळलं, मला दिसत होतं,
आणि मला दिसतंय हे त्याला दिसत होतं.
विचारलं नाही त्याने.
मी पडदा विझवला, चहा ठेवते म्हणाले.

निघताना सही केली, उभ्या उभ्या.
ते अकरा सेकंद राहू देत, म्हणाला.
पण हळू. अगदी हळू.
ज्याला हवेत तो फिरवेल खुर्ची.

एप्रिलमध्ये खोका बाजारात आला, दोन किलो तीनशे.
परवा ऑस्लोहून एका गृहस्थाचं पत्र.
लिहितात, हा अल्बम मी चौथ्यांदा विकत घेतला,
यापूर्वी असं कधी झालं नाही.
तिसऱ्या गाण्याआधी मागच्या डाव्यातून
परक्या भाषेत कुणीतरी कुजबुजतं.
दोष डिस्कचा की माझ्या स्पीकरचा?
बदलून मिळेल का?

उत्तर अजून लिहायचंय.