पलीकडे मका आहे

बाबा अकरा वर्षं सीमेवर पहाऱ्याला होते.
एक बंदूक, एक कुत्रा, सरकारी जाड कोट.
मी विचारायचे, तारेच्या पलीकडे काय आहे?
बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणायचे,
मका आहे.

मग कारखाना, मग आईचं आजारपण,
मग तारही निघाली, तरी मी म्हणत राहिले
जाऊ की, कुठे पळून चाललंय.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी
यूस्तिना वहिनीच्या जुन्या सुझुकीत बसून
मी पलीकडे गेले.
पासपोर्ट दोन्ही हातांत धरलेला,
चर्चमध्ये पेटती मेणबत्ती धरतात तसा.
एक निळी पाटी आली. गेली.
"झालं?" मी म्हटलं.
"झालं," वहिनी म्हणाली, आणि गिअर बदलला.
दोन्ही अंगांना मका होता,
एकाच उंचीचा, एकाच दिवशी पेरल्यासारखा.

लेंडावाच्या बेकरीतली बाई आमचीच भाषा बोलली,
पण फडताळातल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशीसारखी.
खिशाला तिनं जो शब्द वापरला
तो मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.
भाषा चालली. आमच्या नोटा मात्र तिनं
दोन बोटांनी हळूच परत सरकवल्या.

पुढे डोंगर. आमच्याकडे टेकडीलाच डोंगर म्हणतात.
बोगद्यांना नावं होती, माणसांना असतात तशी.
मी ते मोजायला लागले.
तीस वर्षं बटणं मोजली आहेत, सवय जात नाही.
नऊ मोजले, मग डोळा लागला.

त्रिएस्तेला समुद्र आहे हे मला माहीत होतं.
पण तो असा, रस्त्याच्या कडेला,
बसथांब्यासमोर, कुंपण नाही, तिकीट नाही,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
काँक्रीटच्या कट्ट्यावर माझ्याच वयाच्या बायका
पोहण्याच्या कपड्यांत ऐसपैस पसरलेल्या,
मांडीवरच्या निळ्या शिरा उन्हाला देऊन
पीच खात होत्या.
कुणीही पोट आत ओढत नव्हतं.

मी पायमोजे काढले.
घडी करून बुटात ठेवले, नीट,
जसं काही कुणी तपासायलाच येणार आहे.
शेजारणीनं एक पीच पुढे केलं आणि
बरंच काही बोलली.
मी माझ्या भाषेत म्हटलं, टाचेला भेग आहे हो,
खारं पाणी झोंबतंय.
ती मान हलवून पुढे सांगत राहिली.
अर्धा तास आम्ही बोललो.
मला वाटतं, ती जावयाबद्दल सांगत होती.
जावयाबद्दल बोलताना हात
सगळ्याच देशांत तसे उडत असावेत.

परतताना ऑस्ट्रियात, पेट्रोलपंपावर,
नाणं टाकून शौचालयात गेले.
फरशी इतकी कोरडी, साबण इतका भरलेला,
की मला आईच्या वॉर्डातली ती मोरी आठवली
आणि रडू फुटलं.
नळ सोडून ठेवला, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून.
नळ आपोआप बंद झाला.

बाबांची चौकी होती तिथे वहिनीनं
न विचारता गाडी थांबवली.
चौकी नाही. सायकलवाल्यांसाठी एक बाक आहे.
त्यावर एक मुलगा पालथा झोपलेला, बुटांसकट.
मी ते उभे राहत तिथे उभी राहिले.
समोर मका.
खोटं बोलत नव्हते ते.
त्यांना इथून तेवढंच दिसत असणार.

त्यांचा आवाज काढून विचारून पाहिलं,
"काही लपवून नेताय का?"
मुलानं एक डोळा उघडला. "अं?"
"तुला नाही," मी म्हटलं.

झग्याच्या खिशात पीचची कोय होती,
अजून थोडी चिकट.