परत चार

निपाणीत, हायवेला लागून, भरमाण्णाच्या दुकानात
डिकी उघडी. दोन वूफर,
एकेकाला दोन कॉइल, चार-चार ओहमच्या.
"सगळ्या एकत्र बांधा की. दणका पाहिजे," सुहास म्हणाला.

भरमाण्णानं जर्द्याच्या पुडीवर आकडा काढला: एक.
"एक ओहमला अँप जळतंय.
मागच्या गणपतीत माझंच जळलंय, वास अजून नाकात हाय."

बोलतो मराठीत,
मोजायला लागला की कन्नडात जातो.
एका वूफरच्या दोन्ही कॉइल एकामागं एक: एंटु.
दुसऱ्याच्या: एंटु.
दोन वूफर शेजारी-शेजारी: नाल्कु.
एवढंच झेपतंय त्याला.

मीटर लावला. तीन पॉइंट सहा.
"चार कुठं हाय?"

"गप बसल्यावर कमीच दावतंय.
वाजू दे की."

मग केए तेवीसची नंबरप्लेट थरथरली,
आणि पुडीतला जर्दा
हळूहळू टेबलाच्या कडेला सरकला.