लोण्याऐवजी

मुंबईत थंडी म्हणजे एवढीच
की बाटलीतलं खोबरेल गळ्यापर्यंत गोठतं
आणि उलटी धरली तरी थेंब सोडत नाही.

ही बाटली ऑक्टोबरपासून कोणी उघडलीच नव्हती.
दादरच्या घाण्यावरून भरून आणलेली, एक लिटर,
दोघांना वर्षभर पुरेल म्हणून.
खरं तर तिच्या एकटीलाच. माझ्या डोक्याचा प्रश्न
विक्रोळीच्या पाण्याने केव्हाच सोडवला होता.

लोण्याचा वास तिला सहन होईना.
तूप कढवलं की ती गॅलरीत जायची,
दूध उतू गेलं तर थेट जिना उतरून खाली.
परळहून मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं:
आवडेल ते, थोडं थोडं, वारंवार.
आणि तिला आवडेल तो केक.
क्रीमचा नाही. रव्याचा, कुकरमधला,
तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून,
जो ती दर डिसेंबरात करायची
आणि मी नुसता खायचो.

वहीत तिच्या अक्षरात: लोणी एक वाटी.
मी लोणी खोडलं नाही. वर बारीक लिहिलं, खोबरेल,
आणि वाटीची पाऊण वाटी केली,
कारण खालच्या मजल्यावरच्या अपोलिन तुस्कानो म्हणाल्या,
लोण्यात पाणी असतं बाबा, तेलात नसतं,
वाटीला वाटी घातलीस तर केकला घाम फुटेल.
आणि मीठ टाक चिमूटभर.
विकतचं लोणी खारट असतं, हे जिभेला माहीत असतं,
हाताला नसतं.

एकतीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले.
आकडा मला कळतो. पाऊण म्हणजे पाऊण.
पण साखरेबरोबर फेसायचं किती,
तिथे वहीत आकडा नव्हता.
तिथे होतं: हलकं होईपर्यंत.

काय हलकं होईपर्यंत?

वीस मिनिटं फेसलं. मनगट भरून आलं.
पिवळं काही झालंच नाही,
पांढऱ्याचं जास्त पांढरं झालं फक्त,
मग मऊ, मग भांड्याच्या कडेला चिकटून राहील असं.
खूष होऊन फ्रिजमधली अंडी फोडली
आणि सगळं फाटलं.
गारठ्याने तेल पुन्हा गोठलं, कण्या कण्या,
ओल्या रांगोळीसारखं.

मी चमचा थांबवला.
आतल्या खोलीतून, पडल्या पडल्या, ती म्हणाली,
भांडं कोमट पाण्यात धर.
मी काहीच बोललो नव्हतो.
चमचा कुठल्या आवाजात थांबतो
हे तिला भिंतीपलीकडून कळतं.

धरलं. कण्या विरल्या.
रवा, मैदा, वेलची, कुकर, मंद आच.
पंचेचाळीस मिनिटं मी स्टुलावर बसून राहिलो,
बंद घराबाहेर मीटरपाशी बसायचो तसा,
आत कोणीतरी असेल म्हणून.

आधी वास आला.
केकचा नव्हे.
रविवार सकाळचा,
खांद्यावर जुना टॉवेल, दातांत धरलेली रिबीन,
आरशासमोर फणी, आणि मला हाक:
अरे, मागचा भांग सरळ आहे का बघ.

डोक्याचा रुमाल नीट करत ती ओट्यापाशी आली.
झाकण उचललं. वाफ तोंडावर घेतली.
मी तिचा चेहरा बघत होतो, गॅलरीचं दार उघडं ठेवून.
म्हणाली, माझं डोकं भाजतोयस काय रे?
आणि हसली.
किती दिवसांनी, हे मोजायचं मी टाळलं.

केक मधोमध थोडा बसला होता.
एका बाजूने करपला होता.
तिने एक तुकडा खाल्ला, सावकाश,
बोटांना तेल लागलं तसा हात सवयीने मानेमागे गेला,
तिथे जरा थांबला,
परत आला
आणि दुसरा तुकडा उचलला.

बाटली आता न्हाणीघरात नसते,
शेगडीजवळ असते, मोहरीच्या डब्याला टेकून.
वहीत माझ्या खोबरेलखाली
तिच्या अक्षरात, थोड्या कापऱ्या, एक ओळ आहे:
अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवणे.