वजन

दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याखाली पाणी उतरलं
की दुसऱ्या दिवशी जैतूनबी येते.
सराफ बाजारात, आमच्या पायरीशी
घमेलं पालथं घालून त्यावर बसते,
आणि नदीनं जे सोडलं ते पदराच्या गाठीतून काढते:
एक जोडवं, पोतीची तुटकी तार,
देवाचा अर्धा टाक,
आणि या खेपेला
कडेनं कातरलेला एक काळा चपटा तुकडा.

"लीलूताई, चांदी आहे. मी दातानं बघितलंय."

मी कसोटीवर ओढला. चांदी.
चिंचेच्या कोळात बुडवला, ब्रशनं घासला,
मग भिंग लावलं.
दोन खांब उभे राहिले पाण्यातून वर आल्यासारखे,
मध्ये झिजलेली अक्षरं,
आणि कडेला एक एम,
त्याच्या डोक्यावर इवलासा ओ,
बाळाच्या टाळूवर तेलाचा थेंब ठेवावा तसा.

दुकान भावाचं. नाण्यांची वही माझी, एकतीस वर्षं.
त्या वहीतलं मी तिला सांगत बसले,
गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

तिथं आधी नाणं नव्हतंच, जैतूनबी.
बाजारात कोकोच्या बिया मोजायचे,
आणि लबाड लोक बी पोखरून
आत माती भरायचे.
"म्हणजे आपल्यासारखीच माणसं," ती म्हणाली.

मग जहाजं आली.
शिपायांना पगार हवा, टाकसाळ नाही,
तेव्हा लुटीचं सोनं तोडायचे आणि जोखायचे.
तुकड्याला म्हणायचे पेसो.
पेसो म्हणजे वजन. दुसरं काही नाही.
सोनं पुरेना, तेव्हा तांबं घातलं.
ज्यांची देवळं पाडली
त्यांच्या बोलीत तांब्याला एक शब्द होता,
तो उचलून त्या हिणकस पैशाला लावला: तेपुस्के.
हरलेल्यांचा शब्द जिंकलेल्यांच्या खतावणीत शिरला
तो असा.
खोट म्हणून.

टाकसाळ आली ती नंतर, पंधराशे छत्तीस साली,
जिंकणाऱ्याच्याच घरात.
ऐरणीवर पत्रा, वर ठसा, त्यावर हातोडा.
खांबांच्या मध्ये कोरलं: आणखी पलीकडे.
आणि काठाला नावं दोन, राजाचं आणि त्याच्या आईचं.
आई तेव्हा समुद्राच्या त्या बाजूला
एका खोलीत कोंडलेली.
वेडी ठरवलेली.
नाव मात्र घरोघर फिरत होतं.

जैतूनबीनं आमच्या पाटीकडे पाहिलं.
पाटीवर वडील, मग "आणि सन्स".
माझ्या आईनं चाळीस वर्षं मुशीवर नजर ठेवली,
चांदी कधी पाणी होते ते तीच सांगायची.
शेवटी तिला माझं तोंडही दिसत नव्हतं.
हे मी बोलले नाही.
जैतूनबीला ते ठाऊक आहे,
आमची राख तिनंच चाळली आहे.

याची भावंडं मनिलाहून, सुरतेहून आली असतील
पोत्यांनी, खेचरांच्या पाठीवर,
आणि चांदवडच्या भट्टीत उतरून
चांदोरी रुपये होऊन बाहेर पडली असतील.
हा एकटा चुकला.
कुणाच्या कनवटीचा सुटला, की कुणी गोदेला वाहिला,
वहीत तो रकाना कोराच राहणार.

मी म्हणाले, याचे लिलावात बरे पैसे येतील.
"कधी?"
चार-सहा महिने. कागद करावे लागतील,
कुठं सापडलं, कुणाला, लिहून द्यावं लागेल.
ती घमेल्यावरून उठली.
"कागद नको बाई. कागदानं माझा भाऊ अजून कोर्टात आहे.
काट्यावर घाल."

आकडा थरथरत होता, ठरेना.
मी पंखा बंद केला.
बाजाराचा आवाज आत आला,
दोघी वाकून श्वास धरून उभ्या.
दोन ग्रॅम नऊशे चाळीस.

"पेसो," मी पुटपुटले.
"काय?"
काही नाही. वजन.