स्वल्प

आधी तिला डांबरीवर चालवते,
कान देऊन.
चार टापांतली एक चोरून पडते,
जशी उशिरा आलेली पोर
दप्तर पोटाशी धरून मागच्या दाराने वर्गात शिरते.
तो पाय टेकला की मान वर उडते.
डावा पुढचा. पुन्हा तोच.

तपकीर तिचं नाव.
निपाणीच्या बाजारात डब्यातून सांडावी तसा रंग;
काका म्हणायचे, हिला नुसतं हुंगलं तरी शिंक येते.
सात वर्षं गाडीला जुंपून पळवली त्यांनी तिला
सदलग्याच्या माळावर.
तीन ढाली आल्या घरात, एक पितळेची.
चौथी तिच्या खुरावरच्या सांध्यात बसली,
ती कुणी भिंतीला टांगली नाही.

आता तिच्यावर मीच तेवढी बसते.
शाळा सुटल्यावर कारदग्याहून नदीच्या कडेने
भोजपर्यंत, आणि परत.
बाई घोड्यावर, म्हणून पहिल्या वर्षी पोरं मागे पळायची.
आता म्हशीही वर बघत नाहीत.

चिक्कोडीहून डॉक्टर हुक्केरी आल्या,
गिरिजा हुक्केरी, पायात पुरुषी बूट.
पाय दुमडून मिनिटभर धरला,
सोडला, म्हणाल्या, ‘पळवा.’
मी ओचा खोचून लगाम धरून पळाले.
‘स्वल्प नोवु इदे,’ त्या म्हणाल्या,
मग माझ्या तोंडाकडे बघून मराठीत,
‘थोडं दुखतंय. ते जाणार नाही आता.
पण रोज पण येणार नाही.’

पुड्या दिल्या सहा. वाईट दिवसापुरत्या.
रोज दिल्या तर पोट जळतं जनावराचं,
आणि दुखणं मुकं झालं की
ती सात वर्षांची होऊन उधळेल,
मग काय कराल बाई?

म्हणून मी दुखणं मुकं करत नाही,
नुसतं विचारते त्याला.
थंडीत पहिली वीस मिनिटं पायीच, दोघी,
तिचे सांधे कुरकुरतात, माझ्या चपला.
ज्वारी निम्मी केली. ती रुसली,
दावणीचं लाकूड कुरतडून ठेवलं.
रात्री गोठ्यात कोंडत नाही, परड्यात मोकळी सोडते;
उभं राहून राहूनच गंजतो सांधा,
दस्तगीर नालबंद सांगतो,
आणि पुढची टाच-बोटं कमी जास्त तासून
जमिनीवर आडवा होऊन एका डोळ्याने बघतो,
गवंडी ओळंबा बघतो तसा.

परवा चौगुल्यांचा पोरगा आला.
वरातीला घोडी पाहिजे, पाच हजार देतो,
नाचवायची थोडी, दोन पायांवर.
नवरदेव कोण? पद्मराज.
पद्मराजला मी चौथीत शिकवलंय,
बाकाचे दोन पाय मोडले होते त्याने.
नाही म्हटलं.
लंगडीच आहे की ती, तो म्हणाला जाताना,
आणि तिने कान फिरवले. कळलं असणार.

त्या संध्याकाळी गेलोच नाही लांब.
दूधगंगेत गुडघाभर पाण्यात उभी केली तिला,
अर्धा तास.
पाणी गार, सूज उतरते म्हणतात.
पलीकडून कुणीतरी कन्नडमध्ये बैलांना शिव्या देत होतं,
अलीकडून कुणीतरी मराठीत,
बैल दोन्हीकडे तसेच सावकाश.

वहीत तारखा टिपते मी तिच्या.
सोळा डिसेंबर, धुकं, डावा पुढचा, पुडी नाही.
दोन जानेवारी, दगडी वाट, अर्धी पुडी, गुळातून.
समोर डॉक्टरांचाच शब्द लिहिते, स्वल्प.
काल लिहिता लिहिता पेन थांबलं.
तीस वर्षं फळ्यावर मी हा शब्द शिकवतेय,
इथे थोडं थांबायचं, बाळांनो,
श्वास घ्यायचा,
वाक्य संपलेलं नाही.

आज सकाळी डांबरीवर कान दिला.
चारही टापा सारख्या.
म्हणजे मला तरी तशा वाटल्या.
वीस मिनिटं मात्र पायीच गेलो,
मग धोंड्यावर चढून मी रिकिबीत पाय घातला,
तिने मागे वळून बघितलं,